माईंच्या मातीपट्ट्या

निसर्गोपचाराच्या केंद्रात काम केलेल्या बाईकडे किस्से साठणारच हो! डोळ्यांवर गार मातीची पट्टी ठेवली, वर ओलं फडकं टाकलं, की माणूस बोलू लागतो. समोर कोण बसलंय ते दिसत नसतं ना! बायकोला न सांगितलेलं, साहेबापासून लपवलेलं, सगळं बाहेर येतं. मी नुसतं "हं, हं" करत बसायची.

चिंचवडला, पवनेच्या बाजूला, माईंचं हे केंद्र होतं. केंद्र कसलं, चार खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी! माई पूर्वी नर्स होत्या. मग गोळ्या-इंजेक्शनांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि माती, पाणी, ऊन, उपास यांच्यावर बसला. सत्तरच्या आगेमागे आमच्याकडे एकापाठोपाठ एक कंपन्या उभ्या राहत होत्या. शिफ्टच्या कामानं पुरुषांची झोप उडालेली आणि घरात पाळणा हलत नाही म्हणून बायकांची. दोघंही माईंकडे यायचे. मीही त्यातलीच. मूल होत नाही म्हणून कटिस्नान घ्यायला आले आणि मदतनीस म्हणून तिथंच राहिले.

यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलंय, काही ज्याचं त्याच्या तोंडून ऐकलंय. "हे कसं काय?" म्हणून विचाराल, तर मला माहीत नाही. माईंनाही माहीत नव्हतं!

*

आकुर्डीचे ज्ञानूभाऊ. त्यांचं रान कंपनीत गेलं आणि त्याच कंपनीत ते हेल्पर म्हणून लागले. बैलजोडी विकली त्या आठवड्यापासून त्यांचं डोकं ठणकायला लागलं, ते थांबेना. माईंनी सांगितलं, "रोज सकाळी दव पडलेल्या गवतावर अनवाणी चाला."

"गवत कुठलं आता, माई?" ज्ञानूभाऊ म्हणाले. "समदं शिमिटानं लिंपलंय."

शेवटी कंपनीच्या ऑफिसपुढं जे लॉन होतं, तिथं चालायची त्यांनी परवानगी काढली. जागा एके काळी त्यांचीच होती, कोण नाही म्हणणार? महिनाभरात डोकं उतरलं. माणूस हसायला लागला.

मग एक दिवस त्या कंपनीचा वॉचमन आमच्याकडे आला. फौजेतून रिटायर झालेला, धिप्पाड गडी. पण स्टुलावर बसला तो आखडून.

"ताई, तो म्हातारा लॉनवर सरळ रेघेत जातो. टोकाला पोचला की वळतो, परत शेजारच्या रेघेत येतो. तोंडानं काहीतरी चुचकारत असतो. म्हटलं, सवय आहे बिचाऱ्याची. पण तो गेल्यावर मी दवावरच्या खुणा बघितल्या."

"मग?"

"त्याची पावलं मागं आहेत, ताई. पुढं खूर आहेत. दोन बैलांचे."

वॉचमननं रुमालानं तोंड पुसलं.

"तुमच्या औषधानं त्याचं डोकं बरं झालं. आता माझ्या डोक्यासाठी काहीतरी द्या!"

*

कुरुळीची शेवंता सासूबरोबर एसटीनं यायची. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती. सासू पारूबाई तशी तरणीच, चाळिशीही नसेल उलटली. त्या काळी लग्नं लवकर व्हायची. पोटावर ठेवायची माती पारूबाई स्वतःच्या शेतातून आणायची, चाळायची आणि स्वतःच्या हातानं कालवायची. "दुसऱ्या कुनाचा हात नगं लागाया," म्हणायची.

एकदा कालवता कालवता थांबली. "नलूताई, माती ऊन लागतीया वो."

थंडीचे दिवस, रांजणातलं पाणी. ऊन कुठली लागणार? मी हात लावून बघितलं. नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी होती! मी घाईनं ती पट्टी शेवंताच्या पोटावर ठेवली. शेवंता शहारली. "आई गं, लई गार हाय!"

पुन्हा हात लावला. बर्फ!

असं प्रत्येक खेपेला व्हायचं. पारूबाईच्या हातात ऊन, शेवंताच्या पोटावर गार. माईंनीही हात लावून पाहिलं.

पुढं एकदा दोघी आल्या त्या रडकुंडीला आलेल्या. एसटीत उलट्या झाल्या होत्या, पण शेवंताला नाही, सासूला! माईंनी पारूबाईला आत नेऊन तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "शेवंता, तुला दीर होणार बाई, नाहीतर नणंद."

पारूबाईनं लाजेनं पदर डोळ्यांवर ओढला. शेवंता भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. भरल्या ताटावरून उठवावं, तसा.

मुलगा झाला. बाराव्या दिवशी पारूबाईनं तो पाळण्यातून उचलला आणि सगळ्या भावकीसमोर सुनेच्या मांडीवर ठेवला.

"घे. तुजंच हाय," ती म्हणाली. "वाट चुकलं व्हतं."

*

कुलकर्णी साहेब एका कंपनीत प्रेस शॉपचे फोरमन होते. अंगानं काटक, बोलायला मोजके. झोपेच्या गोळ्या घेऊन घेऊन कंटाळले आणि माईंकडे आले. डोळ्यांवर माती ठेवल्यावर एक दिवस बोलले.

त्यांच्या समोर दगडू नावाच्या कामगाराची बोटं प्रेसखाली गेली होती. "मला दिसत होतं हो, हात आत आहे आणि प्रेस खाली येतेय. ओरडायचं होतं मला. घशातून आवाजच फुटला नाही." तेव्हापासून डोळा लागला, की घसा आवळायचा आणि ते दचकून उठायचे.

एका दुपारी ते पट्टी ठेवून पडले होते. चक्क झोप लागली होती. मी शेजारी फडकी पिळत होते. एकदम ते ताडकन उठून बसले आणि असे ओरडले, की पडवीतले सगळे पेशंट धावत आले.

"दगडू, हात काढ!"

माती गालांवरून ओघळत होती. माईंनी पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं, घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ते आले, तर मागोमाग पेढे घेऊन एक कामगार. बबन त्याचं नाव. आला तो साहेबांच्या पायाच पडला.

"साहेब, काल दुपारी माझा हात आत व्हता. प्रेस आपोआप खाली आली. पर तेवढ्यात मागनं तुमी वरडला, मी दचकून वळलो आन् हात भाईर आला."

"मी काल शॉपमध्ये नव्हतो, बबन. रजेवर होतो."

"ते समद्यांनी सांगितलं मला. पर आवाज तुमचाच, साहेब. मी वळखत न्हाई व्हय?" बबन जरा घुटमळला. "फकस्त येक कळंना. तुमी माझं नाव न्हाई घेतलं. तुमी दगडूला हाक मारलीत."

कुलकर्णी साहेब त्या रात्रीपासून गाढ झोपायला लागले. पुन्हा आले नाहीत.

*

माई रंगीत बाटल्यांत पाणी भरून उन्हात ठेवायच्या. जीव घाबरत असेल तर निळ्या बाटलीतलं पाणी. सांगवीच्या देशपांडे मास्तरांच्या बायकोला, वत्सलाबाईंना, ते दिलं होतं. मूल हवं म्हणून त्या यायच्या. पण माई म्हणाल्या, आधी झोप. कारण बाई रोज पहाटे किंचाळून उठायच्या. का, ते नवऱ्यालाही सांगत नसत. पट्टीखालीही कधी बोलल्या नाहीत!

मास्तर विज्ञान शिकवायचे. "रंग काचेला आहे, पाण्याला नाही!" असं म्हणून त्यांनी बायकोसमोर अख्खी बाटली घटाघटा पिऊन दाखवली.

आठवड्यानं दोघं आले. मास्तरांचे डोळे खोल गेलेले.

"रोज एक विहीर दिसते," ते मला म्हणाले. "जांभ्या दगडाची. काठावर एक लहान मुलगी बसलेली असते आणि 'वच्छू, ये ना' म्हणते."

वत्सलाबाईंचं माहेर कोकणातलं. पण त्या मामाकडे पुण्यात वाढल्या. मास्तरांनी ते गाव कधी पाहिलंच नव्हतं. बाईंना माहेरी वच्छू म्हणत, हेही मास्तरांना ठाऊक नव्हतं. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "तिच्या पायात पैंजण आहे?"

"आहे. एकाच पायात."

बाईंनी डोळे मिटले.

वत्सलाबाई तेव्हापासून शांत झोपतात. जागे मास्तर असतात.

*

माईंना उतारवयात मोतीबिंदू झाला, दिसेनासं झालं. पण कान असे तिखट झाले, की विचारू नका! दुपारी मूल हवं असलेल्या बायकांचा शवासनाचा वर्ग असायचा. पाच जणी चटयांवर उताण्या पडायच्या, डोळे मिटून. माई भिंतीशी बसून त्यांचे श्वास ऐकायच्या. "विमल, भांडून आलीस आज." "कमल, झोपेचं सोंग करू नकोस." एकदाही चुकल्या नाहीत.

एका दुपारी मी दारात उभी होते. खोली अगदी निवांत. माई एकदम म्हणाल्या, "नलू, आज कुणी नवीन आलंय का?"

"नाही माई. नेहमीच्याच पाच."

"सहा आहेत."

"मला धरून म्हणत असाल."

"तुझा श्वास दारात आहे, तो मी ओळखते. सहावा इथं आहे, यांच्यात." माईंनी मान कलती केली. "फार लहान आहे."

कुणी डोळे उघडले नाहीत, कुणी हललं नाही. फक्त पाच हात सावकाश सरकले आणि पाच पोटांवर जाऊन थांबले.

त्या दिवशी पाचही जणी घरी गेल्या त्या जमिनीवर पाय न टेकता. प्रत्येकीला वाटत होतं, ती मीच! पण मग एकेक करून सगळ्या तोंडं पाडून आल्या. सर्वांत शेवटी विमल आली. दाराशी बसून इतकी रडली, की मला तिच्याकडे बघवेना. माई म्हणाल्या, "म्हातारीचे कान गं, पोरींनो! मला माफ करा."

आणि त्याच महिन्यात मला दिवस राहिले!

"अगं, दारातली नलूच ती!" असं म्हणून सगळ्या हसल्या, मला मिठ्या मारल्या. विमलनं तर माझे डोहाळे पुरवले. मलाही वाटलं, माईंचे कान चुकले नाहीत, फक्त जागा चुकली.

सव्वा महिन्याचं बाळ घेऊन मी केंद्रात गेले. दुपारची वेळ, वर्ग नुकताच सुटलेला. पाचही जणींनी त्याला आळीपाळीनं घेतलं, त्याची दृष्ट काढली. मग मी बाळ माईंच्या मांडीवर ठेवलं. झोपलेलं होतं. माईंनी सगळ्यांना गप्प केलं, वाकल्या आणि त्याच्या नाकाशी कान नेला. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्याच्या टाळूवरून हात फिरवला आणि बाळ माझ्याकडे परत दिलं.

"गोड आहे गं," त्या म्हणाल्या. "पण नलू, हा तो नव्हे."

विमलनं विचारलं, "मग तो कुठं आहे, माई?"

माईंनी मोकळ्या चटयांकडे कान केला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "आत्ताच झोपलाय."