भाकरीसकट माप

चौसाळ्याच्या एका मेकॅनिककडं गाडी नेली, पण त्याला नाव विचारायला माझी जीभ रेटली नाही. डोंगरातली माझी पहिलीच मोटारसायकल शर्यत होती. पडायची भीती वाटत होती, म्हणून त्याच्याकडून पुढच्या शॉकअपमध्ये नव्या स्प्रिंगा टाकून घेतल्या. त्यानं मला सीटवर बसवलं, शिंप्याच्या टेपनं शॉकअप किती दबले ते मोजलं आणि नकारार्थी मान हलवली.

“जेवलास का बे?”

“न्हाई, मामा. टेन्शन हाय.”

“मग माप खोटं हाय. उपाशी वजन कमी भरतंय. आधी जेव.”

त्यानं स्वतःचा डबा पुढं सरकवला. माझ्या तीन भाकरी झाल्यावर पुन्हा टेप लावली.

“आता बराबर. शर्यतीलाबी एवढंच खाऊन बसायचं.”

शर्यतीच्या दिवशी शिट्टी वाजली, बाकीचे सुसाट गेले. मी तिसरी भाकरी संपवत होतो. शेवटचा आलो, पण एकदाही पडलो नाही.