ताईचं पदक आणि शबाना

परवा कंत्राटी कामगारांच्या सभेत शेजारच्या बाईंच्या गुडघ्याला लावलेल्या मलमाचा उग्र वास आला आणि मी थेट भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत पोचले. तायक्वांदोच्या सरावानंतर ताई आणि शबाना एकमेकींना तेच मलम चोळायच्या. ताईच्या लाथा रोज पॅडवर झेलणारी शबाना कंत्राटी मजुराची मुलगी. कारखान्याचा हॉल फक्त कायम नोकरांच्या मुलांसाठी, तिला तिथे प्रवेश नव्हता, म्हणून दोघी आमच्या गच्चीवर खेळायच्या.

ज्युनियर तायक्वांदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ताईने कांस्यपदक जिंकलं, तेव्हा कारखान्याच्या क्लबात तिचा सत्कार झाला. बाबांच्या युनियनची पत्रकं वाचत वाढलेल्या मी तिला बजावलं होतं, "शबानाला हॉलमध्ये घेत नाहीत, माइकवर सुनाव सगळ्यांना!"

पण कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी हार घातल्यावर ताई मागच्या रांगेकडे वळली आणि तिने सामन्याआधी करतात तसं शबानाला कमरेत वाकून अभिवादन केलं.

"ये कौन है, बेटा?" साहेबांनी विचारलं.

"मेरी पार्टनर, सर. इसको हॉल में आने नहीं देते."

साहेब गोरेमोरे झाले. "कल से आएगी."

"एवढंच बोललीस?" घरी जाताना मी चिडले.

"अगं, ती दिसली आणि दुसरं काही सुचेचना."

तेव्हा मला ते भाबडं वाटलं होतं. आज मी सभांमधून तावातावाने ज्यांच्यासाठी भांडते, त्यांच्यातलं कुणी मला असं दिसतं का?