जोंधळ्याच्या घरातले भाताचे सांडगे

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हा माझी बदली कंधारहून तिथल्या शाळेत झाली. नव्या कचेऱ्यांच्या पाठोपाठ कारकून, मास्तर, ओव्हरसियर असे सगळेच गावात येऊन पडले होते. दुष्काळ आधीपासूनच मुक्कामाला होता. भाड्याची खोली मिळणे टँकरचे पाणी मिळण्याइतकेच दुर्घट झाले होते. त्यामुळे एका लिंगायत विधवा बाईंच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. सगळी गल्ली त्या बाईंना अक्का म्हणत असे. आम्हीही म्हणू लागलो.

पाठशाळेत असताना गुरुजींपाशी मी एक नेम घेतला होता : शिळे अन्न देवाला दाखवायचे नाही आणि आपणही खायचे नाही. कंधारला उरलेसुरले गाईपुढे जाई, म्हणून त्या नेमाचा भार कधी जाणवला नाही. लातुरात मात्र गल्लीतली गुरे चारा-छावणीला गेली होती. उरलेला भात पत्नी मागच्या पायरीवर ठेवी. तो कुत्र्यामांजरांच्या मुखी लागतो, अशी माझी समजूत होती.

त्यातच पत्नीने नव्या बाजारपेठेतून गुलाबी झाकणांचे प्लॅस्टिकचे डबे आणले. दिसायला देखणे, पण सकाळचा भात त्यात संध्याकाळपर्यंत चिकट होई आणि त्याला आंबूस वास येई. रात्रीपुरता म्हणून ठेवलेला भातही मग पायरीवर जाऊ लागला. एके दिवशी अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घाम सुटतो की वो अन्नाला त्यात. गाडग्यात ठिवा अन् वर वलं फडकं घाला." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचे एक मातीचे गाडगे आणि धुतलेल्या धोतराचा तुकडा आणून दिला.

भात खरोखरच टिकू लागला; तरी उरलाच, तर पत्नी तो गाडग्यासकट पायरीवर ठेवी. माझ्या मनात मात्र शंका आली. भाडेकरूच्या घरात काय उरते, किती उरते, याची घरमालकिणीला एवढी चिंता का असावी?

अक्कांचे सगळेच मला गूढ वाटे. त्या गळ्यातल्या लिंगाची पूजा करून जेवायला बसत, भाकरीचा शेवटचा तुकडा ताटभर फिरवून खात, मग ताटात घोटभर पाणी घालून ते धुवत आणि ते पाणी पिऊन टाकत. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मान फिरवली. त्यांच्या ते ध्यानात आले.

"परसाद हाय, गुरुजी," त्या म्हणाल्या. "परसाद सांडायचा न्हाई."

माझ्या दृष्टीने ते उष्टे होते. त्या दिवसापासून त्यांच्या घरून आलेली वाटी मी जरा न्याहाळूनच घेऊ लागलो.

पुढे द्वादशी आली. पानात चार तळलेले सांडगे होते, हलके आणि खुसखुशीत. "अक्कांनी दिले," पत्नी म्हणाली. मी देवाला नैवेद्य दाखवला, पारणे फेडले, आणि चवीने दोन सांडगे अधिक मागून घेतले. आचमनाला पाणी हातात घेतले तेव्हा मनात आले : हे सांडगे भाताचे होते.

अक्कांचे घर जोंधळ्याचे. त्यांच्या कणगीत जोंधळा, डब्यात तुरीची डाळ. तांदूळ सणाला तेवढा येई. आमच्याकडे मात्र पत्नीच्या माहेरून, इस्लापूरकडून, जाडसर, लालसर रेघेचा तांदूळ येत असे. मी पानातला उरलेला सांडगा उजेडात धरला. लाल रेघ दिसल्यासारखी वाटली; तळणीचा रंगही असू शकेल.

त्यानंतर माझे जपाकडे लक्ष लागेना. पायरीवरचे गाडगे सकाळी पालथे आणि राखेने घासलेले असे. कुत्रा भात खाईल, पण गाडगे घासून पालथे घालील का? देवापुढे मी माझेच टाकून दिलेले अन्न मांडले असेल, तर इतक्या वर्षांच्या नेमाचे काय राहिले? अक्कांना विचारावे, तर खोल्या जाण्याची भीती. पत्नीला विचारावे, तर ती त्या बाईंची बाजू घेईल, हे मला आताशा दिसत होते.

अखेर मी जे केले, ते सांगायला आजही संकोच वाटतो. संध्याकाळी पत्नी देवघरात वाती वळत बसली असता मी पायरीवरच्या गाडग्याचे फडके उचलले आणि भातात चिमूटभर हळद कालवली. असे सलग तीन दिवस केले.

चौथ्या दिवशी शाळेतून येताना अंगणात पाहिले. अक्कांच्या बाजेवर पांढऱ्या फडक्यावर सांडगे वाळत होते. तीन ओळी पिवळ्या होत्या.

मी टोपीही न उतरवता उभा राहिलो. अक्का सांडगे उलटवत होत्या.

"अक्का, हा तांदूळ कुठला?"

"कुठला म्हंजे? तुमच्याच घरचा की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "बाई सांजच्याला ठिवती, मी दिवा लावायच्या आत उचलते. मीठ, जिरं, मिरची घालून मळते, सकाळी उनात घालते. अन् ही हळद तुमी घातली व्हय? बाईला इचारलं तर बाई म्हनली, मी न्हाई. मी म्हनलं, मंग देवानंच घातली असंल. रंग झ्याक आला बगा."

पत्नी दारात येऊन उभी राहिली होती. "मीच सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "अहो, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मग मला रोज भात ओतून द्यावा लागला असता. भात पिकवणाऱ्या घरात वाढले मी. दुष्काळात तो कुत्र्यापुढे टाकताना माझा हात पुढे होत नाही."

"मी तो देवाला दाखवला," मी म्हणालो. अक्कांनी पहिल्यांदाच हातातले काम थांबवले.

"मंग? देवानं पान सरकवलं का?"

वाळवलेल्या आणि तुपातेलात तळलेल्या पदार्थांना शिळेपणाचा दोष लागत नाही, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो. तो नियम मी विसरलो नव्हतो. संशय घेताना त्याची आठवण काढणे मला गैरसोयीचे होते. शिवाय त्या बाजेवरच्या अन्नात कोणी गुपचूप काही कालवले असेल, तर ते मीच.

त्या रात्रीच पत्नीला मी तांदूळ मूठभर कमी घ्यायला सांगितले. गुलाबी झाकणांच्या डब्यांत सुईदोरा आणि वाती गेल्या. पुढच्या द्वादशीला मी स्वतः पिवळे सांडगे मागून घेतले आणि पानात वाढले. नैवेद्य दाखवताना हात क्षणभर अडखळला. मी तो पुढे नेला. ताट धुऊन पिणे मला आयुष्यात जमले नाही, पण ताटात काही ठेवून उठण्याची सवय मात्र गेली.

त्यानंतरही अधूनमधून पायरीवर गाडगे जाई. अक्का ते उचलण्याआधी फडके बाजूला करीत, आत डोकावत, भाताचा वास घेत आणि माझ्या खिडकीकडे पाहून विचारीत :

"आज काई कालवलं न्हाई नव्हं, गुरुजी?"