चार, सात, एक, तीन

११ मार्च. उद्या गाडी भंगारात जाणार, म्हणून आज ती रिकामी करते आहे. डिकीतली पोलादी पेटी तेवढी काढायची राहिली आहे. चार बोल्ट आहेत. दोन निघाले, दोन गंजलेत, त्यांच्यावर तेल सोडलं आहे. ते मुरेपर्यंत हे लिहून घेते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, सतीशला नाही, दवाखान्यात नाही, देवाला तर नाहीच. नऊ वर्षं झाली. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मराठी वाचता म्हणून. ज्याला सांगायला हवं होतं, त्याला मराठी येत नव्हती — आणि आता तो नाही. म्हणजे हे लिहिण्यातही धोका काही उरलेला नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

मी घोड्यांची डॉक्टर आहे. वेल्समध्ये, कार्डिफला राहते, काम वरच्या डोंगराळ भागात. या देशात पिस्तूल कुणाकडे नसतं. रस्त्यावरच्या पोलिसाच्या कमरेलाही नसतं. आम्हा काही व्हेटना मात्र परवान्यावर मिळतं, एकाच कामासाठी — जे जनावर वाचणार नाही, त्याला लगेच सोडवायला. घोड्याचा पाय तुटला की ते काम येतं.

बाकीच्यांकडे मोठ्या जीप आहेत. मला लहान गाडी आवडते. अरुंद वाटांवर वळते, पेट्रोल कमी खाते. पण लहान गाडीत पिस्तूल ठेवायचं कुठे? डिकी बंदिस्त नाही, मागच्या काचेतून सगळं दिसतं. समोरच्या कप्प्यात ठेवणं म्हणजे चोराच्या हातात देणं. पोलिसांच्या परवाना खात्याचा माणूस गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, यात जमेल असं वाटत नाही.

एमरिसने जमवलं. एमरिस म्हणजे कोळशाच्या खाणीतला जुना फिटर. खाण बंद पडल्यावर तो बायकोच्या डोंगरावरच्या घरी राहायला गेला आणि लोकांची कुलपं, फाटकं, ट्रेलर दुरुस्त करू लागला. त्याने स्टेपनीच्या खळग्यात बसेल अशी पेटी बनवली. गाडीच्या तळाखालून जाड पत्रा, त्यातून चार बोल्ट, आणि बोल्टची डोकी पेटीच्या आत — म्हणजे पेटी उघडल्याशिवाय ती निघायचीच नाही. वर गालिचा. गोळ्यांची डबी वेगळी, पुढच्या सीटखाली. कुलूप त्याचं स्वतःचं होतं, एका जुन्या तिजोरीचं, आकड्यांचं, त्याने सुटं करून पुन्हा जुळवलेलं. आकडा कसा बदलायचा तेही त्याने मला शिकवलं. झाकण उघडं ठेवून आतली पट्टी सरकवायची, नवे चार आकडे फिरवायचे, पट्टी परत जागेवर.

“आता तुझा आकडा तू लाव, बाख,” तो म्हणाला. इकडची म्हातारी माणसं ‘बाख’ म्हणतात, आपण ‘बाळ’ म्हणतो तसं. मी पंचेचाळीस वर्षांची बाळ. “मला कळायला नको. नियम आहे.” आणि तो गाडीकडे पाठ करून उभा राहिला. वाकून बघायला कुणी नव्हतं, तरी माझं होईपर्यंत तो वळला नाही.

परवाना खात्याचा माणूस पुन्हा आला. पेटीला लाथ मारून पाहिली, ओढून पाहिली, एमरिसचा फोन नंबर लिहून घेतला. पुढे आणखी दोन व्हेटनी त्याच्याकडून पेट्या करून घेतल्या. त्याला त्याचा फार अभिमान होता. बोलायचा नाही, पण मी गेले की आधी डिकी उघडून कुलपावर बोट फिरवायचा, मग माझ्याशी बोलायचा.

आता दसरा.

त्या वर्षी दसरा रविवारी आला. आमच्या मराठी मंडळातल्या पाच-सहा जणी दुपारी घरी आल्या होत्या. बहुतेक हॉस्पिटलमधल्या. आपट्याची पानं इथे कुठली — सोनेरी कागदाची कापून आणली होती. झेंडू लंडनकडच्या हॅरोहून आला होता. प्रत्येकीने आपापलं हत्यार पूजेला आणावं, अशी मेधाची कल्पना. मेधा भूल देणारी डॉक्टर. पाटावर तिची घशात घालायची नळी, कुणाचा स्टेथोस्कोप, कुणाचा लॅपटॉप, सतीशची पुस्तकं.

“नीलिमा, तुझं काय ठेवायचं गं?” मेधाने विचारलं. “बादली आणि दोरखंड?”

“थर्मामीटर ठेव तुझा,” दुसरी म्हणाली. “पण धुऊन ठेव बाई, तो कुठे लावतात ते माहितीये आम्हाला.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. वीस वर्षं हसतेच आहे. माणसांच्या डॉक्टरांमध्ये जनावरांची डॉक्टर म्हणजे हौशी बाई, हे मला पाठ होतं. तरी त्या दिवशी का लागलं? माहीत नाही. खरं तर माहीत आहे. लागायला निमित्त हवं होतं, ते मिळालं.

मी त्या आठवड्याला ड्यूटीवर होते, म्हणून पिस्तूल गाडीतच, बंद गॅरेजमध्ये. मी गॅरेजमध्ये गेले, पेटी उघडली, ते काढलं, रिकामं आहे ना ते तपासलं आणि आणून पाटावर ठेवलं.

सगळ्या पाटापासून मागे सरकल्या. तेवढंच मला हवं होतं.

“खरं आहे?” कुणीतरी विचारलं. मेधाने हळद-कुंकू वरूनच सोडलं, पिस्तुलाला बोट लागू दिलं नाही. ते मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं. सतीश हळूच म्हणाला, “आता आत ठेव ते.” मेधा म्हणाली, “पूजेतलं आज उचलत नाहीत हो, उद्या सकाळी.” मी देवधर्म फारसा न मानणारी बाई. तरी मी म्हटलं, असू दे, उद्या. खोलीला कुलूप लावलं. ही पळवाट मी स्वतःला काढून दिली — कुलूप आहे ना.

आणि गॅरेजमधली पेटी? तिचं झाकण मी पिस्तूल काढतानाच लावून टाकलं होतं, आकडे फिरवून. हाताची सवय.

सोमवारी सहाला फोन आला, एका घोडीची पोटदुखी. मी तशीच निघाले. डिकी उघडून सामान टाकलं, पेटी बंद दिसली. बंद आहे म्हणजे आत आहे. एवढी पक्की पेटी असली की माणूस आत बघत नाही.

साडेनऊला एमरिसचा फोन आला. सेरेन पडली होती. सेरेन त्याच्या बायकोची घोडी. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घोडी एकोणीस वर्षांची, दगडी उतारावर घसरली, मागचा पाय गुडघ्याच्या खाली तुटला. हाड बाहेर. मी वीस मिनिटांत पोचले. पाहताक्षणी कळलं. त्यालाही कळलं होतं. तो तिच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला होता, म्हणाला, “पटकन कर, बाख.”

दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं. तुटलेल्या हाडाला ते किती पुरतं, हे मला माहीत आहे. मारायच्या औषधाची शेवटची बाटली शनिवारी संपली होती, नवी यायची होती. पिस्तूल आहेच, म्हणून मी निर्धास्त.

डिकी उघडली. आकडे फिरवले. झाकण वर केलं.

रिकामी पेटी किती वेळ बघत उभी होते? दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांत मला घोडी दिसली नाही, एमरिस दिसला नाही. परवाना दिसला. पाटावरचं पिस्तूल आणि पाच-सहा बायका दिसल्या — त्यांतली एकही गप्प बसणारी नाही. सतीश दिसला, पोलिसांना उत्तरं देताना. मी झाकण हळूच दाबलं, आकडे फिरवले, आणि मोठ्याने म्हणाले, “उघडत नाहीये.”

एवढं बोलायचं होतं — घरी राहिलं. दोन शब्द. पलीकडच्या टेकडीवर बंदूकवाला शेजारी होता, एमरिसने लगेच त्याला बोलावलं असतं. दहा मिनिटांचं काम.

त्याऐवजी तो माझ्याकडे आला. घोडीला तिथे सोडून. त्याला वाटलं, आपलं कुलूप आहे, आपण दोन मिनिटांत उघडू. पाऊस होता. डिकीपाशी गुडघ्यांवर बसून त्याने विचारलं, “नियम राहू दे. आकडा सांग.”

मी सांगितला. चार, सात, एक, तीन.

खरा आकडा चार, सात, एक, आठ होता.

त्याने फिरवले. उघडलं नाही. तेल आणलं, तार आणली, कुलपाला कान लावून बसला. “पुन्हा सांग,” तो म्हणाला. मी पुन्हा सांगितला — न अडखळता, तोच. मागून घोडीचा आवाज येत होता. घोडे सहसा ओरडत नाहीत. ती कण्हत होती. प्रत्येक वेळी त्याचे खांदे आखडायचे, पण तो मान वळवत नव्हता. कुलपावरचं लक्ष जाईल म्हणून. मध्येच म्हणाला, “माफ कर, बाख. माझं काहीतरी चुकलंय यात.”

हे वाक्य मी ऐकलं. ऐकून गप्प राहिले.

अर्धा तास असाच गेला. मग तो उठला, शेडमधून पोलाद कापायचं यंत्र घेऊन आला. पेटी कापली असती तर पाच मिनिटांत उघडली असती. रिकामी. मी आडवी उभी राहिले. म्हटलं, पेटी फोडली तर पोलीस माझा परवाना काढून घेतील.

हेही खोटं होतं. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग घोडीकडे. यंत्र जमिनीवर ठेवलं.

“नको मग,” तो म्हणाला. “तुझं पोट आहे त्यावर.”

आणि शेजाऱ्याला फोन करायला गेला. शेजारी आला. सगळं संपेपर्यंत मी पोचल्याला पन्नास मिनिटं झाली होती. त्यातली चाळीस माझी.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा पिस्तूल पाटावर तसंच होतं. झेंडू सुकला होता. सतीशने विचारलं, “आज ते लागलं नाही ना?” मी म्हटलं, “नाही.”

बुधवारी एमरिस दवाखान्यात आला. कुलूप काढून मागितलं, त्याच्या जागी दुकानातलं नवं बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत. ते कुलूप त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. आठवडाभराने गेले तर समोर एक वही, त्यात रेघा. किती वेळा फिरवलं आणि किती वेळा उघडलं, त्याच्या. प्रत्येक वेळी उघडलं होतं. पावसात ठेवून पाहिलं, फ्रीजरमध्ये ठेवून पाहिलं. “मग त्याच दिवशी का?” त्याने विचारलं. मला विचारलं. मी चहा प्यायले आणि म्हटलं, होतं कधीकधी.

मग त्याने त्या दोन व्हेटना फोन करून आपल्या पेट्या काढून आणल्या. त्यांच्यात काही बिघडलं नव्हतं. म्हणाला, माझ्या कामावर कुणी अवलंबून राहू नये. त्यानंतर तो कुणाचं फाटकही दुरुस्त करेना. शेडला टाळं लावलं — विकतचं. मी जात राहिले, दर महिन्याला, काहीबाही घेऊन. माझी वाट बघायचा. डिकीकडे मात्र परत कधी गेला नाही.

या जानेवारीत एमरिस वारला. अंत्यविधीनंतर त्याच्या मुलीने बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला. “डॅडने तुम्हाला द्यायला सांगितलं होतं,” ती म्हणाली. आत ते कुलूप, तेल लावलेलं, फडक्यात गुंडाळलेलं. सोबत चिठ्ठी — मला दोष सापडला नाही, तुला सापडला तर बघ.

डबा आत्ता माझ्या शेजारी आहे. मघाशी कुलूप फिरवून पाहिलं. चार, सात, एक, तीन. उघडलं.

उघडणारच. सोमवार मी सांगितला आणि बुधवारही सांगितला. मधला मंगळवार राहिला.

मंगळवारी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उठले. पूजेतलं पिस्तूल उचललं, नळीवरचं कुंकू स्पिरिटने पुसलं. गॅरेजमध्ये जाऊन पेटी उघडली. खऱ्या आकड्यावर ती पहिल्याच वेळी उघडली. एमरिस कुलूप तपासायला मागणार, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी आतली पट्टी सरकवली, त्याने शिकवली होती तशी. चार, सात, एक, तीन फिरवले. पट्टी परत जागेवर लावली. दोनदा बंद करून उघडून पाहिलं, नीट चालत होतं. मग पिस्तूल आत ठेवलं, झाकण लावलं आणि कामाला गेले.