दिन की दीन

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. बावीस वर्षं मुद्रितं तपासून तिच्या डोळ्यांना अशी खोड लागली होती, की औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचतानासुद्धा ती आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायची आणि मग औषध घ्यायची. नेमके तेच डोळे गेले. एकदम नव्हे, तीन वर्षांत, थोडे थोडे करत. डॉक्टर करून झाले, रडून झालं आणि एके दिवशी ती लॅपटॉप घेऊन पुन्हा कामावर हजर झाली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यात होता. त्याचा आवाज कायम पडसं झालेल्या माणसाचा, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं शेंबड्या.

शेंबड्याशी तिचं जमलं होतं. पण पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांतला फरक त्याच्या गावीही नव्हता. दोन्ही तो एकाच मापात उरकायचा. शंका आली की ती बाणाच्या बटणाने एकेक अक्षर ऐकायची, तेव्हा मात्र तो वेलांटी नाव घेऊन सांगायचा. पण शंका यायला तर हवी! एका संस्थेच्या स्मरणिकेवर भल्या थोरल्या अक्षरांत 'वर्धापन दीन' छापून गेलं. दीन म्हणजे बापुडा. संस्थेची मंडळी छापखान्यात येऊन जे काही बोलली, ते ऐकायला मात्र तिला कुठलंही यंत्र लागलं नाही.

मालक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, सोमवारी दोन पानं देतो. त्यात मुद्दाम दहा चुका घालतो. तासाभरात पकडल्यात तर आहे ते काम चालू. नाही तर तुम्ही फोनवर बसा. तिथेही माणूस लागतोच."

फोनवर बसायचं! शनिवारी सकाळी तिने ठरवलं, स्क्रीन रीडरला आणखी आवाज बसवून घ्यायचे. त्यातल्या एखाद्याला तरी वेलांटी कळत असेल.

घरात मदतीला धाकटी नणंद. दोघींचे नवरे गेल्यापासून त्या एकत्र राहत. नणंद शिवणाचे वर्ग घ्यायची. तिचे डोळे शाबूत, पण कॉम्प्युटरशी छत्तीसचा आकडा.

"वन्सं, काय लिहिलंय?"

"बरंच काही लिहिलंय."

"अहो, पण काय?"

"इंग्रजीत आहे गं सगळं. खाली एक हो आहे नि एक नाही आहे. हो म्हणू?"

"कशाला हो म्हणताय ते तरी वाचा!"

"लग्नातसुद्धा मला कोणी एवढं वाचून दाखवलं नव्हतं," नणंद म्हणाली आणि तिने हो दाबून टाकलं.

पहिला आवाज आला तो एका गोड बाईचा. इतका गोड, की नणंदेने त्या बाईला परत परत बोलायला लावलं. वेलांटीबाईने मुद्दाम 'वर्धापन दीन' टाइप केलं. गोडबाईने अर्थ ओळखून सुरेख 'दिन' म्हटलं. चुका पोटात घालणारी बाई! सासू अशी मिळाली असती तर सोनं झालं असतं. मुद्रितं तपासायला ती कुचकामी.

दुसरा आवाज निवडला आणि लॅपटॉप मुकाच झाला. आवाज कुठल्याशा परक्या भाषेतला निघाला. आकडे तेवढे बोलायचा, मराठी दिसली की मूग गिळून गप्प. आता आवाज बदलायचा तर यादी ऐकायला हवी, आणि यादी ऐकायची तर आवाज हवा. दोघींनी दीड तास घोळ घातला. शेवटी नणंदेने माउस हातात घेतला, यादीत जिथे आपली अक्षरं दिसली तिथे बोट दाबलं आणि विजयाने म्हणाली, "घे, मराठी!"

तो हिंदी आवाज होता. "कळलं का बाळ" हे त्याने "कललं का बाल" असं वाचलं, आणि नणंदेला हसता हसता ठसका लागला. वेलांटीबाई मात्र ताठ बसली. ळची वाट लावणारा हा पठ्ठ्या 'दिन' तोकडा म्हणत होता आणि 'दीन' लांब!

तरी गुंता सुटला नाही, वाढलाच. रविवारभर ती एकच जुनं पान तिघांकडून ऐकत राहिली. शेंबड्या एक म्हणे, हिंदीवाला दुसरं, गोडबाईला सगळंच मान्य. चूक कागदावर आहे, आवाजात आहे की आपल्याच कानात, तिला समजेना. संध्याकाळी तिने हळूच विचारलं, "वन्सं, 'आणि'ची वेलांटी पहिलीच ना हो?"

"वहिनी, तू मला विचारतेस?" नणंद घाबरून म्हणाली.

सोमवारी मालकाने फाइल पाठवली. तिने हिंदीवाल्याकडून दोन्ही पानं ऐकली. ळ सोडले तर चूक नाही. शेंबड्याकडून ऐकली. त्याचे ळ शाबूत, चूक नाही. अर्धा तास गेला. अडणारा प्रत्येक शब्द तिने अक्षर अक्षर ऐकला. दहा चुका आहेत म्हणे, आणि तिला एक सापडेना! वाटलं, चारदोन ठोकून द्याव्यात. 'स्मृतिदिन'वर बोट ठेवावं, निम्मे लोक त्यातला 'ति' दीर्घच लिहितात. पण खोटी चूक दाखवायला तिची जीभ रेटेना.

मालक आला. "किती सापडल्या?"

"एकही नाही."

"दहा आहेत, बाई."

"नाहीत."

"अहो, यादी आहे माझ्या हातात. पहिल्याच ओळीत बघा, 'स्मृतीदिन', दुसरी वेलांटी."

तिने हेडफोन उपसला आणि बाणाचं बटण दाबलं. शेंबड्या सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा बोलला, "त. पहिली वेलांटी."

मालक पडद्यावर वाकला. हातातली यादी त्याने दोनदा ताडून पाहिली. मग म्हणाला, "चुकांची फाइल माझ्याकडेच राहिली. मी दुरुस्त केलेली पाठवली तुम्हाला."

तिला एकदम रडू आलं, आणि दोन दिवसांच्या खटाटोपाचा रागही आला.

"मालक, परीक्षा माझी होती ना?"

मालकाने यादी खिशात घातली. "एका नव्या पुस्तकाची एकशे ऐंशी पानं आहेत," तो म्हणाला. "दुपारी पाठवतो. नीट बघून पाठवतो."