तिसरं क्लॅरोनेट

"थांबा जी, पत्ती भिजून राहिली," म्हणत मास्तर क्लॅरोनेटची वेताची पातळ पत्ती जिभेवर धरायचे. नवरदेव घोड्यावर खोळंबलेला, वऱ्हाडी ओरडताहेत, आणि हे डोळे मिटून उभे. वरातीतल्या बँडवाल्याकडे आपण कधी नीट पाहत नाही. या माणसाकडे पाहावंच लागे. वाजवायला लागले की पांढुर्ण्याच्या बाजारातले हमालही पोतं उतरवून थांबत.

मी तिथल्या शाळेत मास्तरकी करायचो, पेटी वाजवायचो. त्यामुळे मला ते 'गुर्जी' म्हणत. एकदा घरी येऊन हळूच म्हणाले, "ढोलाच्या बाजूनं चालू चालू कान गेला जी. बँडात सांगू नका. नवं क्लॅरोनेट घ्याचं हाय, अव्वल. फुंकतो मी, ऐका तुमी."

त्र्याऐंशी साल असावं. पॅसेंजरनं आम्ही नागपूरला गेलो. दुकानात पेटी होती. मी सूर धरायचा, त्यांनी फुंकायचं. पहिली दोन क्लॅरोनेटं त्यांनी बोटांवरूनच नाकारली. "चाव्या ढिल्या हायेत." दुपार टळली. तिसरं हातात घेतलं आणि चेहरा उजळला. काळं लाकूड, चाव्या लोण्यासारख्या.

वरचा पंचम पेटीच्या सुराखाली उतरत होता. मला स्वच्छ ऐकू आलं. पण संध्याकाळी घरी सासरे येणार होते आणि गाडीला तासच उरला होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"पक्कं, गुर्जी?"

"पक्कं."

दुकानदार म्हणाला, आठ दिवसांत बदलून देईन. ते आठ दिवस मी रोज शाळेत जाताना त्यांच्या घरावरून गेलो. एकदाही थांबलो नाही.

रामाकोना गावातल्या एका लग्नात पंचम उतरला. ट्रंपेटवाला सगळ्यांदेखत हसला, "काहून मास्तर, दात हालून राहिले का?" मास्तरांनी पत्ती बदलली. मग दुसरी, मग तिसरी. मला म्हणाले, "वाद्य तर तुमी पारखलं. माहे ओठच सैल झाले." मी मान खाली घातली. त्यांना तो होकार वाटला असेल.

पुढच्या हंगामात सौसरच्या एका वरातीत ते शेवटच्या रांगेत दिसले. तोच लाल कोट, हातात खुळखुळा. रांग सोडून माझ्याकडे आले. "जय भीम, गुर्जी. याले सूर लावा नाई लागत, बरं हाय." मी हसलो. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

दोन वर्षांनी ते गेले. भेटायला गेलो, तर त्यांच्या बायकोनं ट्रंकेतून क्लॅरोनेट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "गुर्जीनं निवडलं, खोट नाई, असं हे म्हणत. कोण्या चांगल्या वाजवणाऱ्याले द्या, भाऊ."

"देतो," मी म्हणालो.

ते अजून माझ्याच कपाटात आहे. चांगल्या वाजवणाऱ्याला ते देता येत नाही.