भाऊकाकांचा होकार

भाऊकाका गेल्याचे कळले तेव्हा आमची बस घाट उतरून फोंडाघाटच्या बाजारात थांबली होती. कोल्हापूरला न्यायालयातले एक लहानसे काम आटोपून मी गावाकडे परतत होते. धाकट्या भावाने फोनवर एवढेच सांगितले, “भाऊकाका गेले गो.” खिडकीबाहेर कुणीतरी केळ्यांचा घड टपावर चढवत होते, दुकानांच्या पत्र्यांवरून दुपारचे ऊन संथपणे सरकत होते, आणि मला वाटत राहिले, की आत्ता त्यांचा नंबर लावला तर ते उचलतील… नेहमीसारखे “बोल बाय” म्हणतील.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आयुष्यभर शाळेत कारकून होते. कुणकेश्वरच्या अलीकडे, समुद्राच्या कुशीत आमचे गाव आहे. तिथल्या देवळात वर्षातून काही वेळा गाऱ्हाणे घातले जाते. गावाचे मानकरी देवासमोर उभे राहून “बा देवा म्हाराजा” अशी सुरुवात करतात, एकेक मागणे मांडतात, मागणे संपले की थांबतात. आणि जमलेली माणसे एकमुखाने “व्हय म्हाराजा” म्हणतात. गाऱ्हाण्याचा मान काकांच्या घराला नव्हता. मात्र त्या थांबण्यात पहिला ‘व्हय’ त्यांचा असे आणि बाकीचे आवाज त्याच्या मागून येत. मी बायकांच्या बाजूला, काकींना चिकटून, ओठ मिटून ऐकत असे. चारचौघांत माझा आवाज घशातच विरघळून जाई.

हाच आवाज घेऊन मी चाळिशीच्या उंबरठ्यावर परदेशी गेले. शाळेत शिकवता शिकवता कायद्याची पदवी मिळवली होती, पण न्यायालयात कधी उभी राहिले नव्हते. सागरी कायद्याच्या पुढील अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि मी उत्तरेकडच्या एका थंड बंदरात जाऊन पोहोचले. समुद्र तिथेही होता, पण त्याला वास नव्हता. वर्गातली विशी-पंचविशीची मुले सहज वाद घालत. मी टिपणे काढत बसे. आणि मग कळले, की तीन परीक्षकांच्या न्यायपीठापुढे तोंडी युक्तिवाद करावाच लागतो. तो जमला नाही तर पदवी नाही.

काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मगे म्हणान दाखय. मी ऐकतंय.”

तेव्हापासून माझ्या दुपारी आणि त्यांच्या तिन्हीसांजेला फोनवर आमचे न्यायालय भरू लागले. मी खिडकीशी उभी राहून इंग्रजीत एक मुद्दा मांडायची आणि श्वास घ्यायला थांबायची, पडवीतून, लाटांच्या गाजेतून उत्तर यायचे, “व्हय म्हाराजा.”

“काकानू, तुमका ह्यातला काय समाजता तरी?”

“माझा इंग्लिश शाळेचे दाखले लिवण्यापुरता. पन तू खंय थांबतंस ता कळता मा. तितक्या पुरे. आनि मोठ्यान म्हण गो, हंय समुद्र जास्त बोलता.”

मागून काकी म्हणत, “त्या चेडवाक शिकाक देतलास की नाय?” काका त्यांनाही “व्हय म्हाराजा” म्हणत.

बाहेर धुके उतरायचे, दिवे लवकर लागायचे, आणि त्या परक्या खोलीत आमची पडवी हळूहळू तरंगत यायची… माडाच्या सावल्या, वाळत घातलेली आमसुले, खुर्चीच्या हातावरचा काकांचा चष्मा.

युक्तिवादाच्या दिवशी मी पहिला मुद्दा मांडला आणि सवयीने थांबले. होकार आला नाही. तीन अनोळखी चेहरे माझ्याकडे पाहत होते, मी त्यांच्याकडे. मी वाट पाहत राहिले. अखेर मधल्या वयस्क बाई किंचित पुढे झुकल्या, मान हलवून “हं” म्हणाल्या. मी दुसरा मुद्दा मांडला, पुन्हा थांबले, त्यांनी पुन्हा मान हलवली… आणि असाच तो युक्तिवाद शेवटापर्यंत पोहोचला.

संध्याकाळी हे ऐकून काका शांतपणे म्हणाले, “म्हंजे म्हाराजान व्हय म्हटल्यान.”

परतल्यावर मी वकिली सुरू केली. प्रत्येक सुनावणीच्या आदल्या सांजेला मी काकांना फोन करीत असे.

मागच्या आठवड्यात, सुतक फिटल्यावर, देवळात काकांशिवायचे पहिले गाऱ्हाणे होते. काकी म्हणाल्या, चल, म्हणून गेले. मानकऱ्यांनी पहिले मागणे मांडले आणि ते थांबले. सगळे गाव त्या पहिल्या आवाजाची वाट पाहत होते. ती सवय एकट्या माझी नव्हती, हे मला तेव्हा उमगले. समईची ज्योत हलत होती, बाहेर भरती चढत होती.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की पुढच्या रांगेतल्या दोघांनीच मागे वळून पाहिले.

काकींनी माझा पदर हलकेच ओढला. “मोठ्यान म्हण गो,” त्या कुजबुजल्या.

मानकऱ्यांनी दुसरे मागणे मांडले, आणि ते थांबले…